बिळातल्या कोळंब्या : वर्गीकरण व जातींची ओळख

ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूत किंवा खाडीच्या चिखलात बीळ करून राहणारे दशपाद कवचधारी प्राणी. नावात कोळंबी असली तरी बाजारातल्या कोळंबीपेक्षा खेकडे त्यांना जवळचे.

पूर्वी हे सगळे थॅलासिनिडीया या एकाच गटात धरत. लांबट अंग, पुढे नांग्या, मागे पंख्यासारखी शेपटी असे साम्य डोळ्यात भरणारेच होते. पण त्यातले बरेचसे बिळातल्या राहणीमुळे आलेले निघाले. १९७९ साली मिशेल द सँ लोराँ या फ्रेंच संशोधिकेने अ‍ॅक्सिडीया व गेबिडीया असे दोन गट वेगळे केले. डीएनएच्या अभ्यासानेही पुढे तेच दाखवले.

गट ठरवायला पायांची दुसरी जोडी पाहावी. तिच्या टोकाला पुरता चिमटा असेल तर अ‍ॅक्सिडीया. चिमटा अर्धवट असेल किंवा नसेलच तर गेबिडीया. जात ठरवणे मात्र किचकट. कॅलिअ‍ॅनासा ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) व तिच्या नात्यातल्या कोळंब्यांत एक नांगी दुसरीपेक्षा मोठी असते, कधी उजवी, कधी डावी. नराची तर फारच मोठी. त्यामुळे एकाच जातीचे नर, मादी व पिल्लू शेजारी ठेवले तर तीन जाती वाटाव्यात! म्हणून डोळ्यांचे देठ, जबड्याजवळचे पाय आणि शेपटीचा मधला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. दट्ट्याच्या नळाने वाळूसकट उपसलेला प्राणी हाताळताना नांगी टाकून देतो. प्रत्येक नमुना वेगळ्या बाटलीत ठेवला नाही तर कोणती नांगी कोणाची, हे नंतर सांगता येत नाही. रंगही अल्कोहोलमध्ये उडतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील या प्राण्यांवर के. एन. संकोल्ली यांनी १९७१ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. त्यात केवलरामानी ही नवी जात त्यांनी कॅलिअ‍ॅनासा प्रजातीत घातली. कॅलिअ‍ॅनासा हे ग्रीक पुराणातल्या सागरकन्येचे नाव तेव्हा भल्यामोठ्या गाठोड्यासारखे वापरले जाई. २०१९ च्या नव्या मांडणीने ते मोजक्या जातींपुरते उरले. जुन्या याद्या वाचताना शास्त्रीय नावाच्या पहिल्या, म्हणजे प्रजातीच्या शब्दावर विसंबू नये, दुसऱ्या, म्हणजे जातीच्या शब्दाचा माग काढावा.

जीवाश्मांत तर बहुधा नुसत्या नांग्याच सापडतात, कारण बाकीचे कवच पातळ. चिखल-वाळूच्या गोळ्या थापून लिंपलेली बिळे मात्र दगडात टिकतात आणि त्यांना ऑफिओमॉर्फा हे स्वतंत्र शास्त्रीय नाव आहे. ते बिळाचे नाव, आत राहणाऱ्याचे नव्हे.