ओढ्याकाठी तंबू का लावू नये

‘वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले’ ही महाबळेश्वरची बातमी हिवाळ्यात हमखास येते. जेटीच्या फळ्यांवर, गवतावर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर साचलेला असतो. गंमत म्हणजे त्याच पहाटे वरच्या गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो. डिसेंबर-जानेवारीत सह्याद्रीत मुक्कामी ट्रेक करणाऱ्यांनी ही तफावत समजून घेतली, तर तंबूची जागा निवडणं सोपं जाईल.

निरभ्र रात्री जमीन दिवसभर साठवलेली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडते. ढग असले तर त्यातली बरीचशी परत मिळते, पण हिवाळ्यात ढगच नसतात. जमीन गार पडते आणि तिला टेकलेली हवाही. तापमान एका अंशाने उतरलं की हवेची घनता साधारण ०.३५ टक्क्यांनी वाढते. आकडा किरकोळ दिसतो, पण उतारावर तेवढा पुरतो. जड झालेली हवा पाण्यासारखीच वाट शोधत खाली घरंगळते. ओढ्याने युगानुयुगं कोरलेली घळ तिला आयतीच मिळते आणि तळाशी सपाटी असली की ती तिथेच साचून राहते.

म्हणून पहाटे दरीचा तळ सगळ्यात गार आणि उताराचा मधला भाग त्यापेक्षा काही अंशांनी उबदार असतो. याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या युटा राज्यात आहे. पीटर सिंक्स या डोंगरातल्या खोलगट जागेतून थंड हवेला बाहेर पडायला वाटच नाही. १ फेब्रुवारी १९८५ रोजी तिथे उणे ५६ अंश सेल्सिअसची नोंद झाली.

आपल्याकडे तेवढं काही होत नाही, पण तंबू ओला होतो. ओढ्याकाठची हवा आधीच दमट असते, त्यात झोपलेल्यांचा श्वास. तंबूचं पातळ कापड आकाशाकडे उष्णता टाकत भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं आणि ही सगळी वाफ आतून त्यावर थेंब धरते. स्लीपिंग बॅग दमट झाली की तिची ऊब घटते. थंडीच्या भीतीने तंबूच्या खिडक्या घट्ट बंद करणारे स्वतःच भर घालतात. त्यापेक्षा दहा-वीस मीटर वर चढून झाडाखाली जागा शोधावी, फक्त वाळकी फांदी डोक्यावर नाही ना, हे पाहून. पानांचं छत उघड्या आकाशापेक्षा उबदार असतं, त्यामुळे खालचं कापड कमी गार पडतं.

पावसाळ्यात, वळवात किंवा परतीच्या पावसात प्रश्न थंडीचा उरत नाही. ११ जून २०१० च्या पहाटे अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, अल्बर्ट पाइक इथल्या नदीकाठच्या कॅम्पमध्ये लोक झोपेत असताना लिटल मिसूरी नदी काही तासांत सुमारे वीस फूट चढली. २० जण दगावले. अरुंद दरी, तीव्र उतार आणि पाणी मुरायला जागा नाही, हे वर्णन आपल्या घाटांनाही लागू पडतं. कातळावर मातीचा थर पातळ असतो, म्हणून वरच्या पठारावर पडलेली सर ओढ्यात लवकर उतरते. खाली तुमच्या डोक्यावर तेव्हा चांदणंही असू शकतं! शिवाय ज्या खळखळाटासाठी आपण काठावर झोपायला जातो, त्यातच वाढत्या पाण्याचा आवाज लपतो.

जागा बघताना नजर वर करावी. झुडपांच्या फांद्यांत अडकलेलं वाळकं गवत, काटक्या, प्लास्टिकच्या चिंध्या दिसल्या, तर पाणी आधी तिथवर चढलं होतं. ऐसपैस वाळूची सपाटी तर बहुतेक वेळा पुरानेच अंथरलेली असते. मला तरी अशा जागेवर सुखाची झोप लागणार नाही.

अमेरिकेतल्या रानवाटांवर पाण्यापासून साधारण ६० मीटर लांब मुक्काम करण्याचा प्रघात आहे. त्यामागचा विचार पुराचा कमी आणि घाणीचा जास्त. साबणाचं पाणी, खरकटं, शौच या गोष्टी मातीतून मुरत गेल्या तर सूक्ष्मजीव त्यातलं बरंच काही फस्त करतात. थेट ओढ्यात गेल्या तर खालच्या पाड्यावरच्या हंड्यात जातात. शिवाय रात्री पाण्यावर येणाऱ्या सांबर-भेकरांची वाटही मोकळी राहते.