अडत्या वेगळा, व्यापारी वेगळा

बाजार समितीत माल घालून परतलेल्या माणसाला ‘कोणाला दिला?’ असे विचारले, तर दहापैकी आठ वेळा तो अडत्याचे नाव सांगतो. ‘अमक्या अडत्याला कांदा विकला’ हे वाक्य इतके रुळले आहे, की त्यात काही चुकले आहे हे सांगणाराच विक्षिप्त ठरतो. अडत्याला माल विकत नसतात, त्याच्याकरवी विकतात. वर्तमानपत्रे हा घोळ आणखी वाढवतात. एकाच बातमीत एकाच माणसाला पहिल्या परिच्छेदात व्यापारी, दुसऱ्यात अडत्या आणि मथळ्यात दलाल म्हटलेले असते. हा केवळ शब्दांचा प्रश्न असता, तर सोडून देता आला असता. परंतु पैसे बुडाल्यावर दाद कोणाकडे मागायची, हे याच फरकावर ठरते.

व्यापारी सर्वांच्या परिचयाचा असल्यामुळे त्याच्याविषयी फार लिहीत नाही. तो स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर माल घेतो, पुढे भाव चढला तर कमावतो आणि पडला तर गमावतो. लिलावात बोली लावण्यासाठी त्याला १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायद्याखाली बाजार समितीचा परवाना लागतो. त्याला माल स्वस्तात हवा असतो, यात गैर काहीच नाही.

अडत्यालाही परवाना त्याच कायद्याखाली, त्याच समितीकडून मिळतो. मात्र त्याचे काम अगदी उलट टोकाचे आहे. शेतकऱ्याचा माल आपल्या गाळ्यावर उतरवून घेणे, तो नीट मांडणे, लिलाव पुकारणे, तोल करून घेणे, हिशोबपट्टी लिहिणे आणि पैसे चुकते करणे, ही त्याची कामे आहेत आणि त्यांचा मोबदला म्हणजे अडत. माल एक क्षणभरही त्याच्या मालकीचा होत नाही. बोली पुकारली जात असताना तो शेतकऱ्याच्या बाजूचा असतो, आणि समोर बोली लावणारा व्यापारी दुसऱ्या बाजूचा.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत. दलाल हा तिसराच परवानाधारक. तो फक्त दोन पक्षांची गाठ घालून देतो, त्याच्या हाती ना माल येतो ना पैसा. म्हणून अडत्याला सरसकट दलाल म्हणणे मला शिवीइतकेच चुकीचेही वाटते. बाजार फी, म्हणजे बोलीभाषेतला सेस, खरेदीदाराकडून समितीला जाते आणि अडत अडत्याच्या खिशात जाते. दोन्ही शेकड्यात मोजतात, एवढेच त्यांचे साम्य. तोलार आणि हमाल यांचेही परवाने निराळे असतात. यापुढे यांचा विचार करण्याचे कारण नाही.

मुख्य घोळ व्हायला कारणे आहेत, हे मान्य करायला हवे. पुष्कळ ठिकाणी एकाच कुटुंबात, कधी एकाच पेढीवर, अडत्याचा आणि व्यापाऱ्याचा असे दोन्ही परवाने नांदतात. सकाळी गादीवर बसून तुमचा माल पुकारणारा माणूस दुपारी शेजारच्या गाळ्यावर दुसऱ्याच्या मालावर बोली लावताना दिसतो. समितीच्या निवडणुकीतही अठरा संचालकांपैकी अकरा सहकारी सोसायट्यांचे, चार ग्रामपंचायतींचे, एक हमाल-तोलारांचा आणि उरलेले दोन ‘व्यापारी व अडते’ या एकाच मतदारसंघाचे असतात. विकून देणारा आणि विकत घेणारा यांना कायद्यानेच एका मतपत्रिकेवर आणून बसवल्यावर शेतकऱ्याने त्यांना निराळे ओळखावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. तरीही ते निराळे आहेत, आणि हे लिलावात जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे कुठेही दिसत नाही.

१९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम ६४ लिलावापुरतेच आहे. पुकारणाऱ्याने हातोडा मारून किंवा रूढ असलेल्या दुसऱ्या रीतीने बोली मान्य झाल्याचे जाहीर केले, की विक्री पुरी होते; आपल्याकडे हातोड्याच्या जागी ‘एक, दोन, तीन’ असते. त्या क्षणापर्यंत बोली लावणारा आपली बोली मागे घेऊ शकतो आणि विकणाऱ्यालाही भाव न पटल्यास माल उचलून नेता येतो. विकणाऱ्याने आधी जाहीर न करता स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावून भाव फुगवला, तर खरेदीदार ती विक्री फसवणूक मानू शकतो, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे अडत्याने आपल्या मुनिमाला गर्दीत उभे करून भाव चढवला, तर तक्रार व्यापारी करील. त्याच मुनिमाच्या नावावर पडत्या भावात माल अडकवला, तर तक्रार शेतकऱ्याची; आणि तिला आधार १८७२ च्या करार कायद्याचा आहे. आपण ज्याचे काम पाहतो त्याची संमती न घेता, आणि ठाऊक असलेल्या सर्व गोष्टी त्याला न सांगता, एखाद्या प्रतिनिधीने त्याच कामात स्वतःचा व्यवहार केला, आणि त्यात काही लबाडीने दडवले असेल किंवा मालकाचे, म्हणजे इथे शेतकऱ्याचे, नुकसान झाले असेल, तर कलम २१५ प्रमाणे मालकाला तो व्यवहार झुगारता येतो; आणि व्यवहार मालकाच्या नकळत झाला असेल, तर कलम २१६ प्रमाणे त्यातून झालेला फायदा मागून घेता येतो. हे दोन्ही हक्क अडत्याविरुद्ध आहेत. व्यापाऱ्याविरुद्ध असा हक्क कधीच निर्माण होत नाही, कारण व्यापाऱ्याने तुमचे हित पाहावे असे कायदा कुठेही म्हणत नाही.

म्हणून ‘अडत्याने माल घेतला’ हे वाक्य मला खटकते. ते खोटे असेल, तर बोलण्यातली ढिलाई म्हणता येईल. खरे असेल, तर ती तक्रार आहे आणि ती तशीच नोंदवायला हवी. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याच्या हत्ता पद्धतीवर जो आक्षेप होता, त्याच्या मुळाशीही हेच होते: बोली उघड नसली, की पुकारणारा कोणासाठी पुकारतो आहे, हे मालाच्या धन्याला कळायला मार्ग उरत नाही.

जुलै २०१६ पासून या गोंधळात भर पडली. राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला, त्यात कांदा-बटाटाही, यांवरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. बाजार काही दिवस बंद राहिले, मग सुरू झाले, आणि तेव्हापासून एक नवे तर्कशास्त्र ऐकू येऊ लागले: अडत व्यापारी देतो, त्या अर्थी अडत्या आता व्यापाऱ्याचा माणूस झाला. शिकलेली माणसेही हे म्हणतात. मोबदला कोणाच्या खिशातून येतो, यावरून प्रतिनिधी कोणाचा हे ठरत नाही. माल कोणी सोपवला आणि हिशोब कोणाला द्यायचा, यावरून ठरते. माल अजूनही शेतकरीच सोपवतो, हिशोबपट्टी अजूनही शेतकऱ्याच्याच नावाने निघते.

आकड्यांत पाहू. समजा, वीस क्विंटल माल दोन हजार रुपये क्विंटलने गेला आणि अडत शेकडा सहा आहे. जुन्या रीतीत चाळीस हजारांतून चोवीसशे रुपये शेतकऱ्याचे कापले जात आणि हमाली-तोलाईआधी त्याच्याकडे सदतीस हजार सहाशे उरत. नव्या रीतीत शेतकऱ्याच्या पट्टीवर चाळीस हजार येतात आणि व्यापारी चोवीसशे वरून देतो. बोली लावताना व्यापारी ते चोवीसशे मनात धरतोच आणि हात थोडा आखडता घेतो, हे मला मान्य आहे. त्यामुळे या बदलाने शेतकऱ्याच्या हाती शेकडा सहा जास्त पडले, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. बदलाचा खरा लाभ वेगळा आहे. पट्टीवर ‘अडत’ हा शब्द दिसला, की तो बेकायदा, इतकी सोपी कसोटी हाती आली. म्हणूनच तो शब्द पट्टीवरून नाहीसा होऊन तेवढीच रक्कम ‘सूट’, ‘इतर खर्च’ अशा सोज्ज्वळ नावांनी किंवा कडत्याने, म्हणजे वजनात धरलेल्या घटीने, परत येते का, हे पाहावे लागते.

पैसे बुडाले, तर कोण जबाबदार, हा प्रश्न आणखी जुना आहे, आणि त्याचे उत्तर मुंबईच्या बाजाराने स्वतःच घडवले. कच्चा अडत्या आणि पक्का अडत्या हा भेद पेढ्यांवर रूढ होताच; विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाने त्याला कायद्याचे रूप दिले. कच्चा अडत्या दोन पक्षांमध्ये सौदा जुळवून देतो आणि सौदा त्या दोघांचा राहतो. पक्का अडत्या सौदा पुरा होण्याची हमी स्वतः घेतो, त्याला कोणा तिसऱ्याशी गाठ घालून द्यावी लागत नाही, तो आपलाच माल देऊ-घेऊही शकतो. म्हणजे आपल्या गिऱ्हाइकापुरता तो प्रतिनिधी न राहता प्रत्यक्ष पक्षकार बनतो. आजचा भाजीपाल्याचा अडत्या या दोघांच्या मधला आहे. माल स्वतः घेण्याची मुभा त्याला नाही, या अर्थी तो कच्चा. पण व्यापाऱ्याला उधार देऊन शेतकऱ्याची पट्टी आपल्या पदरची भरतो, या अर्थी पक्का. ही उधारीची जोखीम तो अडतीत मोजून घेतो, हे विसरून ‘अडत्या फुकटचे खातो’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याचप्रमाणे व्यापारी पळाला म्हणून शेतकऱ्याची पट्टी अडवून धरणाऱ्या अडत्याने गेल्या वर्षीची अडत कशाबद्दल घेतली, असे विचारणे न्यायाचे आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या बाजारात चित्र वेगळे दिसते. लासलगावला ट्रॅक्टरवर उभ्या असलेल्या मालाची बोली होते, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीवर सरकतो, आणि बोली सुटली की ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होते. इथे पैसे व्यापाऱ्यानेच द्यायचे असतात, आणि चोवीस तासांत द्यायचे असतात. मात्र खळ्यावर माल ओतल्यावर ‘खाली बारीक निघाला, ओला निघाला’ असे म्हणून भाव पाडला जातो. त्याला वांधा काढणे म्हणतात. आता वरचे कलम ६४ आठवावे. विक्री बोली सुटताच पुरी झालेली आहे. वरचा थर एक आणि तळाशी दुसराच माल भरलेला निघाला, तर व्यापाऱ्याची तक्रार रास्त असू शकते. पण तिचा निकाल बाजार समितीच्या वांधा समितीने, म्हणजे असे तंटे सोडवणाऱ्या उपसमितीने करायचा, खळ्यावरच्या दिवाणजीने नव्हे. अडत बाजारात अशा वेळी शेतकऱ्याच्या बाजूने भांडण्याचे काम अडत्याचे असते. खळ्यावर तसा कोणी नसतो. शेतकरी एकटा असतो आणि ट्रॉली निम्मी रिकामी झालेली असते.

फेब्रुवारी २०२३ मधले सोलापूरचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. ५१२ किलो कांदा, रुपया किलो भाव, आणि गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता हाती दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा धनादेश. संताप सगळ्यांना आला, पण ‘व्यापाऱ्याने दोन रुपये दिले’ एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहिले. खरेदीदाराने किती दिले आणि त्यातून खर्चापोटी किती गेले, हे दोन निराळे आकडे आहेत. पहिल्या आकड्याबद्दल लिलावाला आणि बाजारभावाला जाब विचारायचा असतो, दुसऱ्याबद्दल पट्टी करणाऱ्याला. दोन्हींची बेरीज-वजाबाकी करून उरलेल्या दोन रुपयांकडे बोट दाखवले, की दोघेही सुटतात.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: पट्टी घेताना एकूण रकमेआधी खरेदीदाराचे नाव पाहावे. ती जागा कोरी असेल, तिथे ‘रोख’ किंवा ‘किरकोळ’ असे काही खरडलेले असेल, किंवा अडत्याच्याच पेढीचे भावंड शोभेल असे नाव असेल, तर तिथल्या तिथे विचारावे. अडत्याकडून आधीच उचल घेतलेली असल्यामुळे विचारायला तोंड राहत नाही, ही अडचण खरी आहे. पण उचल हे कर्ज आहे. ते घेतल्याने तुमच्या मालाचा हिशोब मागण्याचा हक्क गहाण पडत नाही. करार कायद्याच्या कलम २१३ प्रमाणे मागाल तेव्हा हिशोब देणे हे प्रतिनिधीचे कर्तव्यच आहे.

शिवार खरेदीचे, म्हणजे थेट शेतावर होणाऱ्या सौद्याचे, प्रकरण मात्र या सगळ्याच्या बाहेर पडते. २०१६ च्या त्याच बदलाने फळे-भाजीपाल्यावरचे समितीचे नियंत्रण बाजार आवारापुरते राहिले. बागेत येऊन द्राक्षांचा सौदा करणारा, विसार देऊन गाडी भरून नेणारा माणूस कितीही अडत्यासारखा गोड बोलला, तरी तो खरेदीदार आहे. तिथे लिलाव नाही, पट्टी नाही, आणि त्याने पैसे बुडवले तर वांधा समितीकडे जाऊन उपयोग नाही. राहतो तो दिवाणी दावा, धनादेश वटला नसेल तर त्याचा खटला, किंवा फसवणुकीची फिर्याद. आणि माल अजून बागेतच असेल, तर माल विक्री कायद्याने पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला दिलेला हक्क: उधारीचे ठरलेले नसेल, तर पैसे मिळेपर्यंत माल अडवून धरण्याचा.