ग्रॅव्हल सायकलिंग : नदीखोऱ्यांतले आणि कालवाकाठचे

डांबरी रस्ता सोडून खडीच्या, मुरमाच्या किंवा चेपलेल्या मातीच्या वाटांवरून लांब पल्ल्याची सायकल चालवणे म्हणजे ग्रॅव्हल सायकलिंग. रेसर सायकल जिथे डळमळू लागते आणि डोंगरी सायकलीचे सस्पेन्शन जिथे नुसते ओझे ठरते, अशा मधल्या जमिनीवरचा हा प्रकार आहे. नदीखोरी आणि कालव्यांचे काठ त्याला विशेष मानवतात. तिथे चढ कमी असतो, मोटारी जवळजवळ नसतात आणि पाणी सोबत असल्याने वाट सहसा चुकत नाही.

कालव्याकाठची सपाटी मात्र मुद्दाम घडवलेली आहे. आगगाडीच्या आधीच्या काळात मालाच्या होड्या काठावरून चालणारे घोडे, खेचरे, कधी माणसेही दोराने ओढत. रस्त्यावर जेमतेम टनभर ओझे ओढणारा घोडा पाण्यावर तीसेक टनांची होडी ओढू शके. त्यासाठी कालव्याला लागून एक सलग वाट राखलेली असे. तिला टो-पाथ म्हणतात. कालवा शक्यतो एकाच उंचीवर, टेकड्यांना वळसे घालत नेत आणि जिथे उंची बदलणे भागच असे तिथे लॉक, म्हणजे दोन्ही बाजूंना दरवाजे असलेले हौद, बांधत. त्यामुळे मैलोन्‌मैल सपाट वाट आणि प्रत्येक लॉकपाशी दोन-तीन मीटरचा आखूड चढ, असा टो-पाथचा ठरलेला नमुना आहे. लॉक एकापाठोपाठ आले की तो बिघडतो. इंग्लंडमध्ये डिव्हायझेसजवळ केनेट-एव्हन कालव्यावर सुमारे 3 किलोमीटरांत 29 लॉक आहेत आणि तेवढ्यात 72 मीटर उंची चढावी लागते.

या वाटांचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. पोटोमॅक नदीकाठचा चेसापीक-ओहायो कालवा 1828 मध्ये खणायला घेतला आणि 1850 मध्ये तो वॉशिंग्टनहून मेरीलंडमधल्या कंबरलंडला पोहोचला. तोवर रेल्वे तिथे आधीच येऊन बसली होती. 1924 च्या पुरानंतर वाहतूक बंद पडली. पुढे काठाने मोटाररस्ता काढायचा बेत निघाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी 1954 मध्ये रस्त्याची बाजू घेणाऱ्या संपादकांना सोबत घेऊन ही वाट पायी चालून दाखवली. 1971 मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. वॉशिंग्टन ते कंबरलंड हे अंतर 297 किलोमीटर, लॉक 74 आणि एकूण चढ साधारण 184 मीटर. म्हणजे किलोमीटरमागे पाऊण मीटरही नाही. कंबरलंडहून पुढे जुन्या रेल्वेमार्गावरची, चुनखडीच्या बारीक चुऱ्याची वाट थेट पिट्सबर्गपर्यंत जाते. दोन्ही मिळून सुमारे 540 किलोमीटरांचा सलग प्रवास मोटारींच्या वर्दळीपासून जवळजवळ पूर्ण दूर राहून करता येतो.

नदीकाठची वाट इतकी शिस्तीची नसते. नदी वळणाच्या बाहेरच्या अंगाला काठ कापत जाते, त्यामुळे वाट अधूनमधून काठ सोडून डोंगराच्या सोंडेवर चढते आणि पलीकडे पुन्हा उतरते. नकाशावर सपाट दिसणाऱ्या खोऱ्यात दिवसभरात बराच चढ जमतो तो यामुळेच. प्रवाहाच्या दिशेने जावे, असा सल्ला नेहमी मिळतो आणि युरोपातल्या डॅन्यूब नदीकाठाने जर्मनीतल्या पासाऊहून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाला जाणारे बहुतेक लोक तो पाळतातही. पण मोठ्या नदीचा उतार किलोमीटरमागे सेंटिमीटरांत मोजण्याइतकाच असतो, पायांना तो जाणवतही नाही. समोरून येणारा वारा मात्र पहिल्या तासातच जाणवतो. सपाट खोऱ्यात दिशा ठरवताना उताराआधी वाऱ्याचा विचार करावा.

खरा प्रश्न चढाचा नसून पृष्ठभागाचा आहे. फोडलेल्या खडीला कोन असतात. ते एकमेकांत अडकतात, वर बारीक चुरा बसतो आणि पावसापाण्याने वाट घट्ट होत जाते. नदीतले गोटे वाहून वाहून गोल झालेले असतात, ते कितीही दाबले तरी चाकाखाली सरकतात. त्यामुळे नदीपात्रातली खडी जशीच्या तशी टाकलेली वाट दिसायला सुरेख आणि चालवायला वैतागवाणी असते. पूर ओसरल्यावर सखल भागांत वाळूचे किंवा गाळाचे थर उरतात. वाळूत पुढचे चाक रुतून आडवे होऊ पाहते. अशा वेळी गिअर आधीच हलका करावा, अंग थोडे मागे घ्यावे, हँडल सैल धरावे आणि पायडल थांबवू नये. घाबरून ब्रेक लावला की पडणे ठरलेलेच. मोटारी जातात त्या सेवारस्त्यांवर पत्र्याच्या पन्हाळ्यांसारख्या आडव्या लाटा उठतात. वेगाने जाणारी चाके खडी उडवून त्या तयार करतात, म्हणून निव्वळ पायी आणि सायकलींच्या टो-पाथवर त्या सहसा आढळत नाहीत. तिथला त्रास मुळांचा. दक्षिण फ्रान्समधला कनाल द्यु मिदी 1681 मध्ये पुरा झाला. काठ धरून ठेवण्यासाठी आणि सावलीसाठी लावलेल्या प्लेन वृक्षांची (चिनारच्या जातीची झाडे) मुळे तिथे ठिकठिकाणी वाटेवर आलेली आहेत. तूलूझजवळचा भाग डांबरी आहे, पुढे मात्र हात बधिर होईपर्यंत धक्के बसतात. बुरशीजन्य रोगामुळे 2006 पासून या झाडांतली हजारो तोडावी लागली आहेत.

सायकलीबाबत बाजारात जितका गाजावाजा होतो तितके गूढ त्यात नाही. खाली वळलेले, टोकांशी थोडे बाहेर फाकलेले हँडल, डिस्क ब्रेक, हलके गिअर आणि 35 ते 50 मिलिमीटर रुंद टायरना पुरेल इतकी फ्रेममधली जागा, ही ग्रॅव्हल सायकलीची ओळख. यांत कामाचा आहे तो टायर. साधारण वजनाच्या माणसाला 40 मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये 30 ते 40 पीएसआय हवा पुरते. जास्त भरली तर चाक प्रत्येक खड्यावर उडते, फार कमी भरली तर मुळावर आपटून रिम ठेचते. कालव्याकाठी काटेरी कुंपणे छाटल्यावर वाटेवर पडलेले काटे साध्या ट्यूबचा पिच्छा सोडत नाहीत. ट्यूबलेसमधला द्रव असली बारीक छिद्रे चालता चालता बुजवतो. जुन्या टूरिंग सायकलीला मावतील तितके रुंद टायर घातले, तरी टो-पाथवर तिचे काही अडत नाही.

सपाट वाट सोपी, हा समज पहिल्या शंभर किलोमीटरांत उतरतो. घाटात चढताना माणूस सीटवरून उठतो, उतारावर पाय थांबवतो. कालव्यावर यातले काहीच घडत नाही. त्याच बैठकीत, त्याच तालात तासन्‌तास पायडल मारावे लागते. बूड दुखते, मानेला रग लागते, तळहाताच्या करंगळीकडच्या नसेवर सतत दाब आल्याने बोटांना मुंग्या येतात. मुद्दाम उभे राहून थोडे चालवणे आणि हातांची जागा बदलत राहणे हाच उपाय. त्यासाठी ठरावीक वेळ पाळलेली बरी, कारण आपणहून ते सुचत नाही.

टो-पाथ सायकलींसाठी बांधलेले नाहीत, हे तिथल्या पुलांखाली कळते. कमानीखाली वाट अरुंद होते, डोक्यावर दगड येतो, पलीकडचे काही दिसत नाही आणि एक बाजू थेट पाण्यात. घंटी वाजवून, वेग पावलावर आणून जावे. याच जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर दोर घासून पडलेल्या बोटभर खोल खाचा पाहायला मिळतात. दगड झिजू नये म्हणून बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांवरही त्या उमटल्या आहेत. वाट एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते तिथला पूल तर पाहण्यासारखा असतो. घोडा पुलावरून पलीकडे जाई, वळणदार उताराने खाली येई आणि त्याच पुलाखालून पुढे निघे, त्यामुळे दोर सोडावा लागत नसे. इंग्लंडमधल्या मॅकल्सफील्ड कालव्यावर असे पूल आजही वापरात आहेत. घोड्याच्या खुराला पकड मिळावी म्हणून उतारांवर बसवलेल्या उंचवट्याच्या विटा मात्र ओल्या असताना सायकलवाल्याला हमखास घसरवतात. बहुतेक ठिकाणी पहिला हक्क पायी चालणाऱ्यांचा असतो. गळ टाकून बसलेल्यांच्या लांब काठ्या वाटेवर आडव्या असतात, त्या उचलेपर्यंत थांबावे लागते.

वेगळी स्पर्धा म्हणून या प्रकाराला आकार आला तो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात. एम्पोरिया गावाभोवतीच्या गवताळ टेकड्यांत 2006 मध्ये 200 मैलांची शर्यत सुरू झाली. आज ती अनबाउंड ग्रॅव्हल नावाने ओळखली जाते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 2022 मध्ये इटलीच्या व्हेनेतो प्रांतात घेतली. शर्यतीशिवाय, निव्वळ हौसेने खडबडीत वाटा धुंडाळणारे त्याआधीही होतेच. ब्रिटनमधली रफ स्टफ फेलोशिप ही त्यांची संघटना 1955 पासूनची.

सिंचनाच्या कालव्यांची गोष्ट निराळी. त्यांच्याकडेचा सेवारस्ता देखभालीच्या गाड्यांसाठी असतो, तो सर्वांना खुला असेलच असे नाही. आधी विचारून जावे. होड्यांचा कालवा संथ आणि बहुधा कमरेएवढा, छातीएवढा असतो. काँक्रीटच्या अस्तराचा सिंचन कालवा वेगाने वाहतो आणि त्याच्या शेवाळलेल्या, तिरक्या भिंतींवर हाताला पकड मिळत नाही, म्हणून पडलेल्याला पोहता येत असले तरी बाहेर येणे अवघड जाते. अशा ठिकाणी पाण्याच्या बाजूची चाकोरी सोडून आतल्या चाकोरीतून चालवतात आणि अंधार पडण्याआधी काठ सोडतात.