डॉलरचा रस्ता न्यूयॉर्कवरूनच का जातो?

२०२२ साली काही रशियन बँकांना 'स्विफ्ट'मधून बाहेर काढलं, तेव्हापासून अनेकांना वाटतं की स्विफ्ट जगभर पैसे पाठवते. स्विफ्ट फक्त निरोप पोचवते: या खात्यातून इतके वजा करा, त्या खात्यात जमा करा. १९७३ साली बँकांनीच सहकारी तत्त्वावर बेल्जियममध्ये ती उभी केली. आज अकरा हजारांहून जास्त वित्तसंस्था तिला जोडलेल्या आहेत.

अशा केंद्राच्या हाती एवढी ताकद येते ती जाळ्याच्या गणितामुळे. एक हजार बँकांनी एकमेकींशी थेट संधान बांधायचं म्हटलं तर ४,९९,५०० जोडण्या लागतात. मधे एक केंद्र ठेवलं की हजारांत भागतं. म्हणून नवी बँकही गजबजलेल्या केंद्रालाच जोडून घेते आणि केंद्र आणखी फुगतं. हे सगळं सोयीपोटी घडतं. पण केंद्र ज्या देशात, तिथला कायदा त्याला लागू होतो.

डॉलरचंच बघा. मुंबईच्या आयातदाराने अर्जेंटिनाहून सोयाबीन तेल मागवलं, बिल डॉलरमध्ये आलं. त्याच्या बँकेचं डॉलर खातं, म्हणजे नोस्ट्रो खातं, न्यूयॉर्कमधल्या एखाद्या बँकेत असतं. विकणाऱ्याच्या बँकेचंही बहुधा तिथल्याच दुसऱ्या बँकेत. मुंबईत आयातदाराचे रुपये कापले जातात, डॉलर मात्र न्यूयॉर्कमध्येच एका खात्यातून वजा होऊन दुसऱ्यात जमा होतात. नोट एकही हलत नाही. तेल अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलेलं नसतं, तरी या नोंदींमुळे व्यवहार अमेरिकी कायद्याच्या कक्षेत येतो. बीएनपी पारिबा ही फ्रेंच बँक. अमेरिकेचे निर्बंध असलेल्या सुदान, इराण आणि क्युबाशी संबंधित डॉलर व्यवहार तिने न्यूयॉर्कमार्गे केले, म्हणून २०१४ साली अमेरिकेने तिला जवळपास ९०० कोटी डॉलरचा दंड केला.

'डॉलर आता संपला' असं ओरडणारे व्हिडिओ रोज फिरतात. त्यांच्यावर विसंबू नका. केंद्र टाळता येतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. २०१२ मध्ये इराणच्या तेलाचे काही पैसे भारताने युको बँकेत रुपयांत भरले. ते रुपये इराणला मुख्यतः भारतातल्याच मालावर खर्च करता येत होते. रशियाचंही तेच झालं. तेल भरपूर विकलं, भारताकडून खरेदी त्या मानाने थोडी. मे २०२३ मध्ये गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीला आलेले परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव यांनी हे पत्रकारांसमोर मान्य केलं: भारतीय बँकांत अब्जावधी रुपये साचलेत आणि वापरायचे तर आधी दुसऱ्या चलनात बदलावे लागतील.