काळजीवाहकांची चारित्र्य पडताळणी (इंग्लंड व वेल्स)

वार्धक्य, आजारपण किंवा अपंगत्व यांमुळे परावलंबी झालेल्या प्रौढांची देखभाल करणाऱ्या सेवकांच्या पूर्वेतिहासाची, कामावर घेण्याआधी होणारी तपासणी. इंग्लंड व वेल्समध्ये ती डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस (डीबीएस) ही सरकारी संस्था करते. संस्थेची स्थापना डिसेंबर २०१२ मध्ये झाली. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडच्या तपासणी यंत्रणा वेगळ्या आहेत.

प्रौढांच्या सेवेस अपात्र ठरलेल्यांची यादी इंग्लंड-वेल्समध्ये २००४ पासून होती. आजच्या रचनेला मात्र निमित्त ठरले ते लहान मुलांचे प्रकरण. ऑगस्ट २००२ मध्ये इंग्लंडमधील सोहम या गावी एका शाळेच्या इमारतीची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याने दोन मुलींचा खून केला. त्याच्याविरुद्ध दुसऱ्या जिल्ह्यातील पोलिसांकडे पूर्वी तक्रारी आल्या होत्या. नोकरी देताना त्या कोणाच्याच पुढे आल्या नाहीत. या प्रकरणाबाबत झालेल्या बिचर्ड चौकशीनंतर २००६ चा कायदा झाला आणि मुलांसाठी एक व प्रौढांसाठी एक अशा दोन मनाई याद्या (असे काम करण्यास बंदी असलेल्यांच्या) आल्या.

पूर्वी ‘असुरक्षित प्रौढ’ कोण, यावर कायद्याचा भर होता. २०१२ पासून काम कोणते, हे पाहिले जाते. आंघोळ घालणे, भरवणे, कपडे बदलणे ही कामे त्यात येतातच. पण वय किंवा आजारपणामुळे ज्या आजींना स्वतःला जमत नाही त्यांच्या पर्समधून पैसे घेऊन बाजारहाट करणे, बिले भरणे हेही येते. असे काम एकदाच केले तरी पुरे. घरच्या माणसांनी केलेल्या सेवेला मात्र हा नियम नाही.

या कामांसाठी विस्तारित तपासणी होते. तीत शिक्षांच्या नोंदींबरोबर, पोलिसांना महत्त्वाची वाटली तर शिक्षा न झालेल्या प्रकरणांची माहितीही येऊ शकते, आणि मनाई यादी पाहिली जाते. प्रमाणपत्र उमेदवाराच्या हाती जाते, मालकाने ते त्याच्याकडून पाहायचे. त्यावर मुदत नसते. दिलेल्या दिवशी दप्तरी काय होते तेवढेच ते सांगते. म्हणूनच मालकावरचे दुसरे बंधन अधिक मोलाचे मानावे लागेल: रुग्णाला इजा केल्यामुळे कोणाला काढले, किंवा काढण्याआधी तोच सोडून गेला, तरी डीबीएसला कळवणे सक्तीचे आहे. यादीतल्या माणसाने असे काम करणे हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अशा कागदी तपासणीची मर्यादा ब्रिस्टलजवळच्या विंटरबॉर्न व्ह्यू रुग्णालयात दिसली. तिथला मतिमंद रुग्णांचा छळ २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने उघड केला.

परदेशातल्या नोंदी डीबीएसला पाहता येत नाहीत. त्यामुळे भारतातून जाणाऱ्या परिचारिकांना व केअरटेकरना पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढावे लागते. महाराष्ट्रात ब्यूरोमार्फत घरी येणाऱ्या आया-मावशींची पोलीस पडताळणी करून घेता येते, पण एका घरातून काढलेल्या व्यक्तीची नोंद दुसऱ्या घरापर्यंत पोहोचवणारी अशी मनाई यादी येथे नाही.