बाटलीतला वास आणि टॉवेलातला वास

वाशीतल्या नाहीतर ठाण्यातल्या कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटात कपड्यांच्या लिक्विडच्या रॅकपाशी पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. लोक बाटली उचलतात, कोणी बघत नाहीये ना याची खात्री करतात, हळूच टोपण फिरवतात, नाक लावतात आणि मग एकतर बाटली ट्रॉलीत, नाहीतर तोंड वाकडं करून परत रॅकवर. मी पण वर्षानुवर्षं हेच करत आले आणि दर वेळी फसत आले, कारण दुकानात लिंबासारखा मस्त फ्रेश वाटलेला वास कपडे वाळेपर्यंत कुठे पळून जायचा देव जाणे, आणि मागे उरायचं ते काहीतरी जड, गोडसर, की जे अंगावर घेतलं की सासूबाईंना शिंका सुरू. त्यांचं म्हणणं साधं होतं, "अगं, कपड्यांना मंद वास हवा, देवळाबाहेरच्या अत्तरवाल्यासारखा नको." मंद वास म्हणजे कमी वास असं मला वाटायचं. तसं नसतं.

मुळात साबणाचं काम वास काढायचं, वास घालायचं काम त्याच्यावर नंतर आलंय. पावडर असो की लिक्विड, खरी मेहनत करतात ती सर्फॅक्टंट नावाची रसायनं, ज्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं टोक तेलाला, मग घामातलं तेल, भाजीतला तवंग, कॉलरवरचा चिकट मळ असं सगळं त्या टोकांनी घेरलं जाऊन पाण्याबरोबर निघून जातं. सोबत एन्झाइम्स असतात, रक्त-दुधाचे डाग तोडणारं प्रोटिएज, तेलाचं लायपेज, भाताच्या पेजेचं अमायलेज. ही आयडिया जुनी आहे, जर्मनीत ऑटो रोम याने १९१३ मध्येच एन्झाइम घातलेला धुण्याचा पदार्थ काढला होता. आणि सुगंध? तो वजनाने बघितलं तर साधारण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. पण आपण बाटली निवडतो ती त्या एका टक्क्यावर.

आता तो एक टक्का म्हणजे एक वास नसतो, वीस-पन्नास वेगवेगळ्या रेणूंची मोट असते, आणि त्यातले काही हलके, काही जड. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनिन घ्या, दहा कार्बनचा छोटा रेणू, रेणुभार १३६. लॅव्हेंडरमधलं लिनालूल, तेही दहाच कार्बनचं, १५४. असले हलके रेणू पटकन उडतात, म्हणून टोपण उघडल्या उघडल्या नाकात तेच पहिले घुसतात. आपल्या वाळ्याच्या तेलात मात्र पंधरा कार्बनवाले रेणू, २२० च्या आसपास वजनाचे, ते उडायला आळशी. म्हणूनच तर लिंबू कापल्याचा वास तासाभरात जातो आणि माठात टाकलेला वाळा आठवडाभर दरवळत राहतो. अत्तरवाले हे पिढ्यान् पिढ्या ओळखून आहेत, वरचा वास, मधला वास आणि तळाचा वास अशी ते सुगंधाची रचना करतात आणि तळाला वाळा, चंदन, कस्तुरी असली जड मंडळी बसवतात.

वॉशिंग मशीनमध्ये हीच गंमत अजून वाढते. पाण्यात जे विरघळतं ते पाण्याबरोबर गटारात जातं. जे पाण्याला फार जुमानत नाही, तेलकट स्वभावाचं असतं, ते कापडाच्या धाग्याला चिकटून राहतं, आणि मग वाळताना उन्हात, पंख्याखाली उरलेसुरले हलके रेणू उडून जातात. शेवटी टॉवेलात राहतो तो फक्त तळाचा वास. म्हणजे दुकानात आपण ज्याच्यावर भाळलो तो पाहुणा दारातूनच परत गेला आणि ज्याच्याशी ओळख पण नव्हती तो घरात राहायला आला.

आणि हा राहायला आलेला बहुतेक वेळा कस्तुरीचा कोणीतरी नातेवाईक असतो, नकली कस्तुरी. खरी कस्तुरी हिमालयातल्या कस्तुरीमृगाची, ती साबणात घालायला कोणाला परवडणार! नकलीचा शोध मात्र भलत्याच ठिकाणी लागला. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर नावाचा जर्मन रसायनशास्त्रज्ञ टीएनटीसारखी स्फोटकं बनवायच्या खटपटीत होता, त्याच्या एका पदार्थाने स्फोट काही धड केला नाही पण वास कस्तुरीचा यायला लागला. त्या घराण्यातले बरेच पदार्थ पुढे पर्यावरणात साठून राहतात म्हणून मागे पडले, त्यातलंच मस्क झायलीन तर युरोपने धोकादायक पदार्थांच्या यादीत टाकून बंदच केलं. त्यांच्या जागी दुसरी कृत्रिम कस्तुरी आली, गॅलॅक्सोलाइड, अठरा कार्बन, रेणुभार २५८, धुण्याच्या साबणात वर्षानुवर्षं भरपूर वापरली जाणारी. "स्वच्छ कपड्यांचा वास" म्हणून आपल्या डोक्यात जे बसलंय ना, त्यातला मोठा वाटा हिचा. स्वच्छतेला खरं म्हणजे वास नसतो, आपल्याला तो शिकवला गेलाय.

गॅलॅक्सोलाइडची अजून एक भानगड म्हणजे ती काही लोकांच्या नाकाला जवळजवळ लागतच नाही. माणसाच्या नाकात वास ओळखणारे साधारण ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात (त्यांची जनुकं शोधणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल या दोघांचं काम १९९१ चं, नोबेल मिळालं २००४ ला) आणि प्रत्येकाच्या जनुकांत थोडा थोडा फरक असतो, त्यामुळे एकाच टॉवेलाला नवरा म्हणतो वासच नाही आणि सासू म्हणते डोकं उठलं, आणि दोघंही खरं बोलत असतात. आमच्याकडे यावरून झालेली भांडणं मोजली तर एक वेगळा लेख होईल.

त्यात नाकाला सवय लागते ती वेगळीच. सारखा तोच वास येत राहिला की नाक आणि मेंदू त्याची दखल घेणं बंद करतात. वाशीच्या एपीएमसीच्या, म्हणजे घाऊक बाजाराच्या, मसाला मार्केटमध्ये आपण पाऊल टाकतो तेव्हा धने-जिऱ्याचा घमघमाट अंगावर येतो, गाळ्यावर सकाळपासून बसलेल्या माणसाला विचारा, कसला वास म्हणेल. साबणाचं तेच होतं. महिनाभर एक लिक्विड वापरलं की वाटतं वास कमी झाला, मग अर्धं झाकण जास्त, वर कम्फर्टसारखा सॉफ्टनर, आणि मग सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीला चढलेल्या माणसाच्या शर्टाचा भपकारा तुर्भ्यापर्यंत आख्खा डबा सहन करतो, तो माणूस सोडून. मंद वास हवा असेल तर स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवू नका, बाहेरून आलेल्या कोणाला तरी हुंगायला द्या. विचित्र वाटतं, पण द्या.

जास्त साबणाने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत हे तर आहेच. शाळेत आपण दुष्फेन पाणी शिकलो होतो, ज्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात आणि साबणाला फेस येत नाही. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, पावसाचं साठवलेलं, तसं मऊ, त्याला साबण कमी पुरतो. पण सोसायटीत टँकर यायला लागले किंवा बोअरचं खारं पाणी मिसळलं की गणित बदलतं, ठाण्यातल्या घोडबंदर रोडवाल्यांना हे सांगायला नको. फ्रंटलोड मशीन पाणीच कमी घेतं, आणि त्यात टॉपलोडच्या सवयीने झाकण भरभरून लिक्विड ओतलं तर खळबळून निघत नाही, साबणाचा थर कापडात राहतो, त्याच्याबरोबर सुगंध राहतो आणि त्याच थरावर पुढे जंतू पण मजेत राहतात. त्यामुळे उग्र वास येत असेल तर ब्रँड बदलायच्या आधी आहे तेच लिक्विड निम्मं करून बघा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

फॅब्रिक सॉफ्टनरबद्दल माझं मत जरा कडक आहे. त्यातले धनभारित रेणू धाग्यावर तेलकट पातळ थर देतात म्हणून कापड मऊ लागतं, पण त्याच थरामुळे टॉवेल पाणी टिपेनासा होतो, आणि टॉवेलाला पाणी टिपायचं एकच तर काम आहे. शिवाय आता बऱ्याच सॉफ्टनरमध्ये सुगंधाच्या सूक्ष्म कुप्या असतात, डोळ्याला न दिसणाऱ्या, कापड घासलं गेलं की फुटणाऱ्या, म्हणून तर "दिवसभर सुगंध" म्हणतात ते. त्या कुप्यांची कवचं बरीच वर्षं प्लास्टिकसारख्या पॉलिमरची होती आणि युरोपने २०२३ मध्ये मायक्रोप्लास्टिकवर जे निर्बंध आणले त्यात ही कवचं पण आली. मंद वास हवा असणाऱ्याने ह्या वाटेला जाऊच नये, कारण ह्यांचा हेतूच मंद नसणं हा आहे.

पण इथे राहणाऱ्या माणसाचा खरा प्रश्न जुलैमधला आहे. तीन दिवस झाले, गॅलरीतल्या दोरीवर कपडे तसेच, मग बेडरूममध्ये स्टँड, पंखा पाचवर, आणि तरी सकाळी बनियनला तो कुबट वास. मराठीत कुबट हा शब्द ज्याने काढला तो नक्की आपल्या कोकणपट्टीतलाच असणार. हा वास म्हणजे ओलसरपणा नव्हे, तो जंतूंचा उद्योग आहे. जपानमध्ये पण आपल्यासारखेच पावसाळ्यात कपडे घरात वाळवतात, आणि तिथल्या काओ कंपनीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की ह्या वासामागे मुख्यतः मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा बॅक्टेरिया आहे, जो धुऊन कापडात उरलेल्या घाम-तेलावर जगतो आणि ४-मिथाइल-३-हेक्सेनोइक अॅसिड तयार करतो. नाव लक्षात ठेवायची गरज नाही, आपलं नाक ते अगदी चिमूटभरही ओळखतं एवढं पुरे. हा बॅक्टेरिया चिवट आहे, कापड कोरडं झालं तरी टिकून राहतो, म्हणून वाळलेला टॉवेल वास नाही म्हणून आपण घेतो आणि तोंड पुसून ओला झाला की वास परत हजर.

ह्याच्यावर जास्त सुगंधाचं लिक्विड ओतणं म्हणजे उंदीर मेलेल्या कपाटात अत्तर शिंपडणं. दोन वास मिळून तिसरा, अजून वाईट वास होतो. उपाय वेगळे आहेत, पांढरे टॉवेल-बनियन ६० डिग्रीच्या पाण्यात, किंवा परकार्बोनेटवालं ऑक्सिजन ब्लीच (पाण्यात पडलं की हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं ते), आणि धुणं झालं की मशीनमध्ये रात्रभर न ठेवता लगेच, दाटीवाटी न करता वाळत घालणं. जिमचे टीशर्ट वेगळेच ठेवा. पॉलिएस्टर घामाचं पाणी पीत नाही पण त्यातलं तेल धरून ठेवतं, आणि बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात २०१४ मध्ये व्यायाम केलेल्या लोकांचे टीशर्ट खरोखर हुंगून बघितले तेव्हा कॉटनपेक्षा पॉलिएस्टरचा वास वाईट निघाला, कारण मायक्रोकॉकस नावाचे जंतू पॉलिएस्टरवर जोमाने वाढतात. हुंगणाऱ्यांना किती पैसे दिले होते कोण जाणे.

आणि ऑक्टोबरात ऊन पडलं की बिनसुगंधाच्या साबणात धुतलेल्या चादरीला पण छान वास येतो तो? तो पण भास नाही. कोपनहेगन विद्यापीठातल्या काही लोकांनी टॉवेल नुसत्या पाण्यात धुतले, काही अंधाऱ्या खोलीत, काही बाल्कनीत आडोशाला, काही उन्हात वाळवले आणि २०२० मध्ये निष्कर्ष छापले. उन्हातल्या टॉवेलांतच पेंटॅनल, ऑक्टॅनल, नोनॅनल असले आल्डिहाइड जातीचे वासाचे रेणू सापडले, जे वेलची, लिंबू-संत्रं, गुलाब यांच्या वासातही असतात. ओल्या कापडावर ऊन पडलं की हवेतल्या आणि कापडातल्या बारीकसारीक पदार्थांचं रूपांतर होऊन हे तयार होत असावेत असं त्यांचं म्हणणं. इतका मंद वास कुठली कंपनी बाटलीत भरून देऊ शकलेली नाही.

लेबल वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. फ्रॅग्रन्स फ्री म्हणजे सुगंध घातलेलाच नाही, पण अनसेंटेड म्हणजे कधीकधी मूळ रसायनांचा वास झाकायला थोडा सुगंध घातलेलाही असतो, त्यामुळे शिंका किंवा खाज येणारं कोणी घरात असेल तर पहिला शब्द शोधा. आणि नैसर्गिक लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, लिमोनिन आणि लिनालूल ही झाडापानातलीच, पण हवा लागून जुनी झाली की त्यांचे जे पदार्थ होतात त्यांची काही लोकांच्या त्वचेला अॅलर्जी येते. युरोपात म्हणूनच असे ठरावीक सुगंधी पदार्थ साबणात ०.०१ टक्क्याच्या वर असले तर नावानिशी छापावे लागतात. आपल्याकडच्या बाटल्यांवर मी बघते तेव्हा बहुतेक वेळा नुसतं परफ्यूम एवढंच लिहिलेलं असतं.

तर शेवटी मी काय केलं, तीन लिक्विडच्या सगळ्यात छोट्या बाटल्या आणल्या, जुने सुती नॅपकिन घेतले, एकेक नॅपकिन एकेका लिक्विडमध्ये सारखंच माप घेऊन हाताने धुतला, कोपऱ्यात वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ मारली, वाळवले आणि एक दिवस कपाटात वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवले. दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन बाहेरून आलेल्या सासूबाईंना चप्पल काढायच्या आत तिन्ही हुंगायला दिले. पहिल्याला नाक मुरडलं. दुसरा "बरा आहे, पण हॉस्पिटलचा वाटतो." तिसरा त्यांनी दोनदा हुंगला आणि म्हणाल्या, "हा धुतलाय ना नक्की? कसलाच वास नाही." दुकानात ह्याचंच लिक्विड मी सगळ्यात शेवटी, नाइलाजाने उचललं होतं, कारण बाटलीत त्याला फारसा वासच नव्हता.

आता आम्ही तेच आणतो. कपाटात त्यांनी वाळ्याची एक जुडी ठेवलीय. मला तिचा वास येईनासा होऊन महिना झाला, येणारे पाहुणे मात्र विचारतात.