सोळाव्या वर्षीचे सुवर्ण आणि उड्डाणाचे गणित

फ्रान्समधील आल्बेरव्हिल येथे १९९२ साली झालेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिनलंडच्या टोनी निएमिनेनने स्की जंपिंगमध्ये, म्हणजे पायांना स्की या लांब पट्ट्या बांधून बर्फाळ उतारावरून झेप घेण्याच्या खेळात, दोन सुवर्णपदके आणि एक कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याला सतरा वर्षे पूर्ण व्हायला साडेतीन महिने अवकाश होता. मोठ्या टेकडीवरील वैयक्तिक स्पर्धेत त्याने १२२ आणि १२३ मीटरच्या उड्या घेतल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला तब्बल १२.२ गुणांनी मागे टाकले. त्याच हंगामात विश्वचषकही त्याने जिंकला. हे यश उपजत गुणांचे होतेच. पण त्याचे वय आणि उडीचे बदललेले तंत्र यांची वेळही नेमकी जुळून आली होती.

या खेळाला उडी म्हणतात खरे, पण खेळाडू फारसा वर जातच नाही. मोठ्या टेकडीवर तो ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगाने उतरणीच्या टोकाशी येतो आणि ते टोकही क्षितिजापासून सुमारे ११ अंश खालीच झुकलेले असते. जेमतेम एक-तृतीयांश सेकंदात त्याला दुमडलेले पाय सरळ करून शरीर पुढे झोकावे लागते. त्यानंतरच्या चार-पाच सेकंदांत खालचा उतार आणि तो स्वतः, दोघेही जवळपास एकाच वेगाने खाली जात असतात, त्यामुळे तो बर्फापासून काही मीटरच उंच राहतो. या काळात समोरून येणारी हवा त्याला जितकी उचलून धरेल, तितके अंतर वाढते.

पूर्वी दोन्ही स्की एकमेकींना समांतर ठेवत, आणि त्या बऱ्याचशा शरीराखाली झाकल्या जात. १९८०च्या दशकात स्वीडनच्या यान बोक्लोव्हने स्कींची पुढची टोके फाकवून इंग्रजी ‘व्ही’चा आकार केला. स्कींवर थेट हवा लागू लागल्याने उत्थापक बल सुमारे २८ टक्क्यांनी वाढते, असे सांगितले जाते. परीक्षक मात्र शैली बिघडली म्हणून त्याचे गुण कापत राहिले, आणि तरीही १९८८-८९चा विश्वचषक त्यानेच जिंकला! अनेक मुरलेल्या खेळाडूंना जुनी सवय मोडणे जड गेले. निएमिनेनच्या पिढीला मात्र नवे तंत्र कोवळ्या वयातच मिळाले.

वयाचा फायदा मात्र टिकणारा नसतो. एखादा मुलगा १० टक्क्यांनी उंच झाला आणि शरीराचे प्रमाण तेच राहिले असे धरले, तर हवेला सामोरे जाणारे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते, पण वजन ३३ टक्क्यांनी. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार १० टक्क्यांनी वाढतो आणि उड्डाणाचा तोल नव्याने बसवावा लागतो. निएमिनेन १७ मार्च १९९४ रोजी स्लोव्हेनियातील प्लानित्सा येथे, ऑलिंपिकमधील टेकडीहून बऱ्याच मोठ्या टेकडीवर, २०३ मीटर उडी घेऊन न पडता उतरला आणि २०० मीटरची मर्यादा अधिकृतपणे ओलांडणारा पहिला ठरला. मात्र ऑलिंपिक पदक किंवा एकूण विश्वचषक त्याला पुन्हा मिळाला नाही.

वजनाचे हे गणित साऱ्यांनाच ठाऊक असल्याने खेळाडू धोकादायक पातळीपर्यंत स्वतःला रोडावू लागले. म्हणून २००४ पासून उंची आणि वजन यांच्या गुणोत्तराची किमान मर्यादा ठरली. त्याहून हलक्या खेळाडूला आखूड स्की वापराव्या लागतात, आणि वजन घटवून मिळालेला लाभ स्कींच्या घटलेल्या क्षेत्रफळात बराचसा वजा होतो.